अनाथ झालेला पूर्वज गोव्याच्या कागदांत कसा शोधावा

‘आईबाप लहानपणीच गेले, मग त्याला कुणीतरी नेलं.’ बहुतेक वंशावळी इथेच तुटतात, कारण पुढचा शोध मुलाच्या नावाने घेतला जातो. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचं नाव कागदावर चढतं ते वारशामुळे किंवा पालकामुळे. म्हणून आधी बापाचा मृत्यूदाखला काढा.

सक्तीची नागरी नोंदणी गोव्यात 1914 च्या सुमारास सुरू झाली. वह्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे मिळतात, फार जुन्या असतील तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारा. छापील उतारा घेऊ नका, मूळ नोंदीची प्रत मागा. पोर्तुगीज पद्धतीच्या मृत्यूनोंदीत मागे अज्ञान मुलं आहेत का, मालमत्ता आहे का, हे लिहिलेलं असतं. जन्मनोंदीचा समासही वाचा, लग्न किंवा पितृत्वाचा स्वीकार पुष्कळदा तिथेच मागाहून टिपलेला असतो.

अज्ञान मुलं आणि मालमत्ता, दोन्ही असतील तर पुढचा कागद इन्व्हेंतारियोचा, म्हणजे मालमत्तेच्या यादी-वाटणीच्या दाव्याचा. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात 1870 पासून लागू झाला. त्यानुसार वारसांत अज्ञान असला की न्यायालयामार्फत मालमत्तेची यादी आणि वाटणी बंधनकारक होती. शोधात याहून मोलाचा कागद क्वचितच मिळतो. सगळी भावंडं वयासह, नेमलेला तुतोर म्हणजे पालक, कुटुंब-परिषदेतले नातेवाईक, कुणाच्या वाट्याला काय आलं, हे सगळं एका फाइलीत सापडतं. बाड शेवटपर्यंत चाळा. सज्ञानतेचं वय 21 होतं. त्याआधी मुलीचं लग्न ठरलं तर परवानगी लागे, आणि पालकाला हिशेब द्यावा लागे. मूल कुठे राहत होतं ते बहुधा या मागच्या पानांतच कळतं. फाइल मृताच्या नावाने लावलेली असते, मुलाच्या नव्हे.

नाव सापडत नाही याचं नेहमीचं कारण स्पेलिंग. जुन्या पोर्तुगीज सूच्या बहुधा पहिल्या नावावर लावलेल्या असतात, आडनावावर नाही. शिवाय ‘क’ला सी, ‘श’ला एक्स. शंकर ‘शेंकोरा’ होतो, प्रभू ‘पोरोबो’, कामत ‘कामोतीं’. तीन-चार रूपं लिहून घेऊनच वही उघडा.

मालमत्ता नसेल तर वाट वेगळी. ख्रिस्ती घरात वाढलेल्या पोसक्याला अनेकदा घरधन्याचंच आडनाव लागलं, पण त्यावरून रक्ताचं नातं धरू नका. 1867 च्या नागरी कायद्यात दत्तकाची सोयच नव्हती. इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, बाप्तिस्मा-नोंदीत आईबाप ‘इंकॉग्नितो’ (अज्ञात) असले तरी धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावं असतात, आणि मूल कोणत्या घरात गेलं याचा सुगावा तीच नावं देतात. मग त्याच्या लग्नाची नोंद पाहा, कधीकधी खऱ्या आईबापाची नावं तिथे येतात.

जुन्या काबिजादींत, म्हणजे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी घेतलेल्या तिसवाडी, बारदेश, सासष्टीत, आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. 1559 च्या राजाज्ञेने हिंदू अनाथ मुलं ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करण्याची तरतूद केली. नव्या नावाचा जुन्या कुळाशी दुवा क्वचितच लिहिला गेला, त्यामुळे एवढ्या मागे जाण्याची आशा फार बाळगू नका.

हिंदू घराण्यात देवस्थानाची महाजनांची यादी आणि गांवकरीची (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची) जोणाची, म्हणजे उत्पन्नातल्या वाट्याची, यादी उपयोगी पडते, कारण मुलगा वयात आल्यावर वांगडानुसार, म्हणजे कुळशाखेनुसार, त्याचं नाव तिथे चढे. दत्तकासाठी 1880 चा हिंदू रीतिरिवाजांचा कायदा पाहा. त्याने दत्तकाला मान्यता दिली, त्यामुळे नोटरीकडे दस्त असू शकतो. जुने देवस्थानी कागद मोडीत असतील, वाचणारा सोबत न्या.

सर्व याद्यांतून नाव गळालं, पण मृत्यूनोंदही नाही, तर मुलगा बहुधा मुंबईला गेला. गावाच्या नावाचा कूड, म्हणजे मुंबईतलं गोवेकर ख्रिस्ती लोकांचं सामाईक निवासस्थान, धोबीतलावच्या आसपास अजून चालू असेल, तर जुनं रजिस्टर पाहू द्या म्हणून तिथल्या समितीला लेखी विनंती करा.