टचपॅडच्या उजव्या कोपऱ्याचं राइट-क्लिक परत आलं (डेबियन १२, ग्नोम ४३)

नवं डेबियन (लिनक्सचा एक प्रकार, ग्नोम डेस्कटॉपसह) टाकलं आणि टचपॅडच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दाबलं की मेनूऐवजी साधं क्लिक व्हायला लागलं. फाइलवर कोपरा दाबला तर ती नुसती निवडली जायची. दोन बोटं टेकवून दाबलं की मात्र मेनू उघडायचा. म्हणजे टचपॅड धडधाकट होतं, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

आधी टचपॅडचा जुना सिनॅप्टिक्स ड्रायव्हर टाकला. फरक शून्य, कारण वेलँडवर (पडद्यावरच्या खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) ग्नोम टचपॅडसाठी लिबइनपुट (माउस-टचपॅडचे इशारे वाचणारा भाग) हेच वापरतं. मग बायोस (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्ज) चाळलं. दोन संध्याकाळी यात गेल्या, फार वैताग आला.

खरं कारण: ग्नोम ३.२८ पासून क्लिकची मूळ पद्धत कोपऱ्यावरून बोटांच्या संख्येवर गेली. दोन बोटांनी दाबलं की राइट-क्लिक, तीन बोटांनी मधलं बटण.

उपाय असा. 'सॉफ्टवेअर' ॲपमधून 'ग्नोम ट्वीक्स' टाका (काही ठिकाणी नुसतं 'ट्वीक्स' दिसतं). ते उघडून डावीकडे 'कीबोर्ड अँड माउस' निवडा. खाली 'माउस क्लिक एम्युलेशन' सापडेल. तिथे 'फिंगर्स'वर खूण असते, ती 'एरिया'वर न्या. लॉगआउट नको, रीस्टार्ट नको. त्याच क्षणी कोपरा दाबून बघा.

जुना ड्रायव्हर टाकला असेल तर काढून टाका. एक्स-ऑर्ग (वेलँडच्या आधीची जुनी व्यवस्था) सेशनमध्ये तो लिबइनपुटच्या आड येतो.

ग्नोम ४६ किंवा पुढचं असेल तर ट्वीक्सही नको. सेटिंग्जमध्ये माउस आणि टचपॅडच्या पानावरच दुय्यम क्लिकसाठी कोपरा निवडता येतो.