हर्पिस एन्सेफलायटिस: इंदूरला मेडिसिनची रेसिडेन्सी सुरू करणाऱ्यांसाठी

धार, खरगोन, झाबुआकडून रात्री येणाऱ्या रेफरल चिठ्ठीवर बहुधा ‘ताप, झटके, बेशुद्धी’ एवढंच असतं. त्यामागे हर्पिस एन्सेफलायटिस, म्हणजे हर्पिस विषाणूने मेंदूला आलेली सूज, असू शकते. सेफ्ट्रिॲक्सोन (जिवाणूंवरचं औषध) चालू असतं, अ‍ॅसायक्लोव्हिर (हर्पिस विषाणूवरचं औषध) नसतं. ते लगेच सुरू करा, एमआरआय आणि पीसीआर (विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) नंतर. उपचाराविना या आजारात दहातले सात दगावतात. औषध वेळेत मिळालं तर दोन-तीन.

नातेवाइकांना ‘बेशुद्ध कधी झाले?’ याच्या आधी ‘वागणं कधी बदललं?’ हे विचारा. विषाणू मेंदूच्या टेम्पोरल लोबवर (कानशिलाकडचा भाग) बसतो, त्यामुळे आधी स्मृती आणि शब्द जातात. आजी पोह्यांची बशी समोर असताना पोहे मागतात, चमच्याला किल्ली म्हणतात. घरी मराठी बोलत असतील तर मराठीतच विचारा. केस शीटवरच्या ‘बहकी बातें’ या दोन शब्दांत भ्रम आणि अफेझिया (मेंदूच्या इजेने भाषा बिघडणं) दोन्ही बुडतात, आणि त्यातला फरकच तुम्हाला हवा असतो.

लंबर पंक्चरआधी (कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढण्याआधी) सीटी कुणाला? पॅपिलिडिमा (डोळ्यातल्या नसेच्या मुळाशी सूज), एका बाजूची कमजोरी किंवा शुद्ध घसरत चालली असेल तर. सीटी पहिल्या दिवसांत नॉर्मल असू शकतो, त्यावर विसंबू नका. पाण्यात लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि प्रोटीन वाढलेलं, ग्लुकोज बहुधा नॉर्मल. रक्तातली साखर त्याच वेळी घेतली नसेल तर त्या ग्लुकोजला अर्थ नाही. ग्लुकोज खूप कमी असेल तर टीबी मेनिंजायटिस आधी आठवा. आपल्याकडे मलेरिया आणि स्क्रब टायफसही (माइट चावल्याने होणारा ताप) वगळावेच लागतात. पीसीआरची नळी वेगळी ठेवा. एक-दोन डोस झाल्याने पीसीआर बिघडत नाही. पण पहिल्या तीन दिवसांत तो निगेटिव्ह येऊ शकतो. चित्र जुळत असेल तर औषध चालू ठेवून तीन ते सात दिवसांनी पुन्हा पाणी काढा.

आता डोस, कारण खरी चूक इथेच होते. प्रौढाला दर आठ तासांनी किलोमागे 10 मिलीग्रॅम, शिरेतून. 60 किलोच्या माणसाला 600 मिलीग्रॅम, 100 मिली नॉर्मल सलाइनमध्ये, पूर्ण एक तास. मिलीलिटरला 7 मिलीग्रॅमच्या वर द्रावण जाऊ देऊ नका. वजन 70 किलोच्या वर असेल तर मोठी बाटली घ्या. नवजात बाळाचा डोस वेगळा: किलोमागे 20 मिलीग्रॅम, 21 दिवस.

घाईने दिलं किंवा रुग्ण कोरडा (अंगात पाणी कमी) असला तर औषधाचे स्फटिक किडनीच्या नलिकांत अडकतात. मे महिन्यात चार दिवस तापात काढून आलेला रुग्ण कोरडाच असतो. आधी सलाइन द्या, लघवी मोजा, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) सुरुवातीला रोज बघा. ते वाढलं तर औषध बंद करू नका. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती वेगाने गाळते ते) काढा आणि डोसमधलं अंतर 12 किंवा 24 तासांवर न्या. द्रावण फार अल्कलाइन असतं. शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते, म्हणून प्रत्येक डोसआधी कॅन्युला (शिरेतली नळी) तपासा. तयार द्रावण फ्रिजमध्ये ठेवलं तर खाली साका बसतो.

सातव्या दिवशी रुग्ण उठून बसतो, घरच्यांना घरी न्यायचं असतं. इथे ठाम राहा. 14 ते 21 दिवस शिरेतूनच. गोळीने मेंदूत पुरेसं औषध पोचत नाही.

‘हर्पिस’ ऐकून घरचे लाजतात किंवा नागीण समजतात. नागिणीचा विषाणू याच कुळातला, पण वेगळा. तापानंतर ओठांवर फोड आणणारा तोच हा, असं सांगितलं की ते मोकळेपणी बोलतात.

डिस्चार्जच्या वेळी हेही सांगा: दोनेक महिन्यांत वागणं पुन्हा विचित्र झालं, किंवा लहान मुलाचे हातपाय आपोआप वळवळू लागले, तर त्याच दिवशी या. दर वेळी विषाणूच परतलेला नसतो. शरीर स्वतःच्याच मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्ध (चेतापेशींवरचं एक प्रथिन) अँटिबॉडी बनवू लागलेलं असू शकतं. तेव्हा पाण्याचा पीसीआर आणि अँटिबॉडी दोन्ही पाठवा. पीसीआर निगेटिव्ह आणि अँटिबॉडी पॉझिटिव्ह असेल, तर उपचार स्टिरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिनचा.