मॅग्नेटचं कोटेशन मागवण्याआधी

मेल लिहायला बसण्याआधी व्हर्नियर घ्या आणि इलेक्ट्रोमॅग्नेटच्या गॅपमध्ये (दोन पोलांच्या, म्हणजे चुंबकाच्या टोकांच्या, मधल्या फटीत) जे काही जाणार आहे ते बाहेरून मोजा. नुसतं सॅम्पल मोजून भागत नाही. सॅम्पल ज्यात बसतं तो होल्डर, त्याभोवतीचा क्रायोस्टॅट (सॅम्पल अतिथंड ठेवणारं भांडं) किंवा भट्टी, बाहेर येणाऱ्या वायरी, सगळं धरा. मी पहिल्या वेळी गॅप १० मिमी लिहिला होता. सॅम्पल २ मिमीचं, त्याला १० म्हणजे ऐसपैस वाटलं. क्रायोस्टॅटची शेपटी २२ मिमीची आहे हे लक्षात आलं तोवर कोटेशन हातात पडलं होतं आणि परचेस कमिटीची तारीखही लागली होती. २५ मिमी गॅपचं नवं कोटेशन आलं तेव्हा कमिटीत सगळ्यांना एकच वाटलं, पार्टी अडवून पैसे काढतेय.

पार्टी बरोबर होती. १० मिमीच्या गॅपमध्ये १ टेस्ला हवा असेल तर साधारण ८,००० अँपिअर-टर्न (करंट गुणिले कॉईलचे वेढे) लागतात, २५ मिमीला २०,०००. लोखंडात आणि गळतीत जाणारे वेगळे. कॉईल तीच ठेवली तर करंट अडीचपट होतो आणि उष्णता सव्वासहा पट. म्हणून तांबं वाढवायचं, तांब्याला जागा द्यायला योक (मॅग्नेटची लोखंडी चौकट) वाढवायचा, पॉवर सप्लाय मोठा घ्यायचा, आणि हवेवर थंड होणारं काम पाण्यावर न्यायचं. अशा यंत्राचं छापील दरपत्रक का नसतं ते एवढ्यात कळतं. गॅप, पोलचा व्यास आणि फील्ड हे तीन आकडे एकत्र दिले तरच समोरचा हिशोब मांडू शकतो. ‘जास्तीत जास्त फील्ड’ असं कधी लिहू नका. २ टेस्लाच्या आसपास लोखंड भरून जातं, तिथून पुढचा प्रत्येक दशांश फार महाग पडतो.

कोल्हापुरात हे काम काढलं की कुणीतरी सुचवतंच, एवढ्या फाउंड्र्या आहेत, योक इथंच करून घ्या. उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या कारखानदारानं मलाही सांगितलं, “वतून देतो की सर, काय अवघड हाय त्यात!” ओतणं अवघड नाहीच. पण पंपाच्या बॉडीला चालणारं बीड (ओतीव लोखंड) इथे चालत नाही. त्यातल्या कार्बनमुळे ते चुंबकीय दृष्ट्या लवकर भरतं. योकला कमी कार्बनचं मऊ पोलाद लागतं. मशीनिंग मात्र कोल्हापूरजवळच्या शिरोलीत उत्तम होतं, तेव्हा स्टँड किंवा सॅम्पलची सरकपट्टी इथे करून घेणार असाल तर तसं कळवा आणि त्या ओळी कोटेशनमधून वगळायला सांगा.

फील्ड किती एकसारखं हवं हे लिहिताना दुसऱ्याचं ब्रोशर समोर ठेवू नका. पीपीएमचे (दहा लाखांत काही भाग) आकडे एनएमआरवाल्यांचे, म्हणजे अणुकेंद्रांचा चुंबकीय अनुनाद मोजणाऱ्यांचे. हॉल इफेक्टला (फील्डमुळे सॅम्पलमध्ये आडवा उमटणारा व्होल्टेज मोजायला) १ टक्का फरक बहुतेक वेळा खपतो. एकसारखेपणा हवा म्हणजे गॅपच्या मानाने पोल रुंद, म्हणजे वजन, म्हणजे पैसे. आकडा द्याल तेव्हा तो किती जागेत हवा तेही द्या: ‘मध्यभागी १० मिमी व्यासाच्या गोलात’. हिस्टेरिसिस (फील्ड उलटसुलट फिरवताना चुंबकत्व मागे रेंगाळतं तो आलेख) काढायचा असेल तर बायपोलर, म्हणजे दोन्ही दिशांना करंट देणारा, सप्लाय आधीच मागा. नंतर जोडायला गेलात तर बहुधा सप्लायच बदलावा लागतो.

चिलर (कॉईलचं पाणी थंड करणारं यंत्र) कोटेशनमध्ये धरलाय का ते विचारा, पुष्कळदा धरलेला नसतो. ३ किलोवॅट उष्णता मिनिटाला ६ लिटर पाण्यानं काढली तर पाणी ७ अंशांनी तापतं, यावरून चिलरचा अंदाज येतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याचं पाणी १५ अंशांवर ठेवलं की कॉईलच्या नळ्यांना घाम सुटतो आणि थेंब टर्मिनलवर पडतात. प्रयोगशाळेला एसी आहे का, थ्री-फेज आहे का, हे मेलमध्येच लिहा.

आता कागद. पहिलं येतं ते बजेटरी कोटेशन, मंजुरी मिळवण्यापुरतं. त्यावर ऑर्डर काढायची नसते. पक्कं कोटेशन मागताना मॅग्नेट, सप्लाय, चिलर, गॉसमीटर (फील्ड मोजणारं यंत्र) आणि डिझाइन खर्च वेगवेगळ्या ओळींत मागा. डिझाइन एकदाच होतं, शेजारच्या विभागाला तसाच दुसरा हवा असेल तर ही ओळ कामाला येते. तांब्याचा भाव हलता असतो, म्हणून कोटेशनची मुदत ३० दिवसांची असते. आपली फाइल तेवढ्यात एका टेबलावरून उठत नाही. १२० दिवस मागा. संशोधन संस्थांची ५ टक्के जीएसटीची सवलत जुलै २०२२ मध्ये गेली, जुन्या फाइलीवरून आकडा उतरवू नका, १८ टक्के धरा. तीन कोटेशनांत एक एक्स-वर्क्स (कारखान्याच्या दारातला दर, वाहतूक वेगळी) आणि दोन पोहोच असतील तर कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट (दरांच्या तुलनेचा तक्ता) फसवं होतं, तिघांनाही पोहोच दर मागा. पार्टी ॲडव्हान्स मागणार आणि आपलं अकाउंट्स बसवून झाल्यावर पैसे देणार. बँक गॅरंटीवर मधला मार्ग निघतो का ते ऑर्डरआधी विचारून घ्या. फील्ड मोजून दाखवायचं ते कारखान्यात की इथे, आणि कुणाच्या प्रोबनं, हेही लेखी हवं.

डिलिव्हरी जुलै-ऑगस्टमध्ये पडत असेल तर दंडाच्या अटीत पुराची सवड ठेवा. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, उशीर झाला म्हणून ट्रान्सपोर्टवर ओरडण्यात अर्थ नव्हता.

सहाशे किलोचा नग टेम्पोतून उतरवणार कोण, हे ‘पोहोच’मध्ये येतंच असं नाही. चेन पुली, हमाली, वरचा मजला असेल तर लिफ्टची क्षमता, सगळं आधी विचारा. आणि दार मोजाल ते चौकटीचं मोजू नका. दार पूर्ण उघडलं तरी फळी चौकटीत राहते आणि तीन-चार सेंटिमीटर खाते. आम्ही शेवटी बिजागऱ्या काढल्या.