हातभर अंतरावरचा आवाज: कानापाशी कसा मोजावा आणि हेडफोनमध्ये कसा उतरवावा

कानाशी गुणगुणणारा डास आणि गल्लीच्या टोकाला वाजणारा संबळ यांत फरक केवळ आवाजाच्या मोठेपणाचा नसतो. ध्वनीचा स्रोत डोक्यापासून साधारण एक मीटरच्या आत आला की तो दोन्ही कानांपर्यंत पोहोचण्याची रीतच बदलते, आणि डोके व कान आवाजात काय बदल करतात याची मोजणी कशी करावी हेही त्यावरूनच ठरते.

आधी थोडा हिशोब करावा. डोके ८.७५ सेंमी त्रिज्येचा गोल मानले आणि स्रोत उजव्या कानासमोर, डोक्याच्या मध्यापासून १.५ मीटरवर ठेवला, तर डोक्याला वळसा घालून डाव्या कानापर्यंत जाणारा मार्ग उजव्या कानाच्या मार्गापेक्षा सुमारे २३ सेंमी लांब भरतो. तोच स्रोत २५ सेंमीवर आणला तर ही तफावत २४ सेंमी होते. म्हणजे वेळेतला फरक सुमारे ६६० मायक्रोसेकंदांवरून ७०० वर जातो, जवळजवळ तेवढाच राहतो. दोन्ही मार्गांचे गुणोत्तर मात्र १.१६ वरून २.५ वर पोहोचते, म्हणजे निव्वळ अंतरामुळे पडणारा पातळीतला फरक १.३ डेसिबलवरून ८ डेसिबलच्या आसपास जातो. डोक्याची सावली, म्हणजे डोके आड आल्याने पलीकडच्या कानाला आवाज कमी पोहोचणे, त्याहून वेगळी. दूरच्या स्रोताच्या बाबतीत खर्जाच्या लांब लहरींना डोक्याचा अडसर फारसा जाणवत नाही. जवळच्या स्रोताच्या बाबतीत त्या कंप्रतांनाही दोन्ही कानांतला पातळीचा फरक टिकून राहतो. ब्रुंगार्ट आणि राबिनोविट्झ या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रत्यक्ष मोजून हेच दाखवले.

त्यामुळे माझा आग्रह असा की खोलीपेक्षा मोजपट्टीची काळजी अधिक घ्यावी. कानापासून १६ सेंमीवर एका सेंटिमीटरची चूक अर्ध्या डेसिबलहून जास्त पडते; दीड मीटरवर ती कोणाच्या लक्षातही येत नाही. साधा स्पीकर येथे चालत नाही, कारण तो आकाराने डोक्याएवढा असतो आणि त्याच्या पृष्ठावरून परतलेला ध्वनी पुन्हा कानात शिरतो. लहान ड्रायव्हरला (स्पीकरमधला आवाज काढणारा भाग) बारीक नळी जोडावी आणि नळीचे तोंड हाच स्रोत मानावा.

खोली निःशब्द प्रयोगशाळेची नसली तरी चालते. कान आणि स्रोत जमिनीपासून १.२ मीटर उंच असतील, तर जमिनीवरून परतणारा ध्वनी थेट ध्वनीच्या सुमारे ६.५ मिलिसेकंद मागे पोहोचतो. भिंती आणि छतही तितकेच दूर असावेत. नोंदीचा पहिला ६ मिलिसेकंदांचा भाग ठेवून उरलेला कापावा. परभणी-जालन्याकडे वेचणीनंतर कापूस भरून ठेवलेली खोली मिळाली तर त्याहून उत्तम, नाहीतर भिंतींवर गोधड्या टांगाव्यात. पंखा आणि कूलर बंद ठेवावेत, आणि तापमान लिहून ठेवावे: मेमधल्या ४२ अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५७ मीटर असतो, डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना तो ३३७ असतो, आणि सगळे वेळेचे हिशोब त्यावर उभे असतात.

कानाची नळी फोमच्या बोळ्याने बंद करून तिच्या तोंडाशी, बाहेरच्या पातळीला लागून, बारीक इलेक्ट्रेट मायक्रोफोन बसवावा. तो आत ढकलू नये. रुमाल किंवा पटका काढून बसावे, कारण कापडाने कानापाशी येणारा ध्वनी बदलतो. स्रोताच्या नळीतून स्वीप, म्हणजे कंप्रता हळूहळू चढत जाणारा सूर, वाजवावा. फरिना यांनी २००० मध्ये मांडलेल्या या पद्धतीत स्पीकरची विकृती वेगळी काढता येते. साउंड कार्डच्या एका वाहिनीवर तोच स्वीप थेट परत घ्यावा, म्हणजे वेळेचा शून्यबिंदू हलत नाही. मग माणसाला उठवून तोच मायक्रोफोन डोक्याच्या मध्याच्या जागी ठेवून पुन्हा मोजावे आणि पहिल्या मोजणीला या मोजणीने भागावे. कापलेल्या नोंदीतून साधारण १७० हर्ट्झखालचे काही विश्वासाने सांगता येत नाही. तो भाग गोलाच्या गणितातून भरावा.

हेच गणित प्रतिरूपणासाठी, म्हणजे न मोजता जवळचा आवाज हेडफोनमध्ये उभा करण्यासाठीही उपयोगी पडते. दूरच्या अंतरावर मोजलेली तयार नोंद आपल्याकडे असेल (केमार या ध्वनिमापनासाठीच्या मानवाकृती पुतळ्याची १९९४ ची एमआयटीची नोंद १.४ मीटरवरची आहे), तर डुडा आणि मार्टेन्स यांच्या १९९८ च्या गोल प्रारूपातून जवळच्या आणि दूरच्या प्रतिसादांचे गुणोत्तर काढून त्या नोंदीला गुणावे. येथे नवखे हमखास चुकतात ते कोनात: २५ सेंमीवर अगदी समोर असलेला स्रोत प्रत्येक कानाच्या जागेवरून पाहिला तर सुमारे १९ अंश आतल्या बाजूला दिसतो, म्हणून दोन्ही कानांसाठी वेगवेगळ्या कोनांच्या नोंदी निवडाव्या लागतात. कानाच्या पाळीचे बारकावे हवे असतील तर डोक्याचे त्रिमितीय स्कॅन घेऊन सीमा-घटक पद्धतीने, म्हणजे पृष्ठभागाची लहान तुकड्यांची जाळी करून, संगणकावर गणना करावी. २० किलोहर्ट्झला लहर जेमतेम १७ मिलिमीटरची असल्याने जाळीची कड ३ मिलिमीटरहून मोठी ठेवू नये.

हेडफोनमधून परीक्षा घेताना प्रत्येक आवाजाची एकूण पातळी स्वैरपणे कमी-जास्त करावी. तसे केले नाही तर ऐकणारा अंतर ओळखत नाही, नुसता मोठा आवाज जवळचा म्हणून सांगतो.