पेलीची रियाध स्वारी: तयारीचा पत्रव्यवहार कसा वाचावा

लेफ्टनंट कर्नल लुइस पेली हा आखाताकाठच्या बुशहर या इराणी बंदरातला ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे राजकीय प्रतिनिधी. 18 फेब्रुवारी 1865 रोजी तो कुवेतहून निघाला आणि 5 मार्चला रियाधला पोचून तिथला सत्ताधीश इमाम फैसल बिन तुर्की याला भेटला. या स्वारीचा छापील अहवाल 1866 मध्ये भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून निघाला आणि बहुतेक जण आधी तोच उघडतात. तयारी समजून घ्यायची असेल तर तो सगळ्यात शेवटी उघडा. अहवाल लिहिणारा माणूस सुखरूप परतलेला होता. पत्रे लिहिणाऱ्याला मात्र परवानगी मिळेल की नाही हेही ठाऊक नव्हते.

मुळात एवढा पत्रव्यवहार झालाच का, हे आधी लक्षात घ्या. विल्यम पालग्रेव्ह हा इंग्रज प्रवासी 1862-63 मध्ये सीरियन वैद्याच्या वेषात रियाधला जाऊन आला होता. वेष बदलून जाणाऱ्याला परवानगी मागायची नसते. पेलीला उघडपणे, इंग्रज अधिकारी म्हणून जायचे होते. त्यामुळे एकीकडे फैसलची संमती हवी आणि दुसरीकडे मुंबई सरकारला कारण पटवून द्यायचे. ही दोन टोके धरली की पत्रांचा गुंता बराच सुटतो.

कागद कुठे आहेत

1873 पर्यंत बुशहरची रेसिडेन्सी मुंबई सरकारच्या हाताखाली होती. म्हणून एकाच सरकारी पत्राची तीन रूपे असू शकतात: बुशहरच्या दप्तरातला मसुदा किंवा स्थळप्रत (दप्तरात ठेवलेली प्रत), मुंबईला पोचलेले सहीचे पत्र, आणि मुंबईने पुढे लंडनला धाडलेली नक्कल. पहिला आणि तिसरा संच आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. बुशहरच्या दप्तराचे संकेतचिन्ह आयओआर/आर/15/1. पेलीचे खासगी कागद वेगळे, त्यांचे चिन्ह एमएसएस युर एफ126. आखाताशी संबंधित पुष्कळ कागद कतार डिजिटल लायब्ररीवर फुकट पाहता येतात. मधला संच मुंबईत, राज्य पुराभिलेखागारातल्या पॉलिटिकल डिपार्टमेंटच्या वर्षवार बांधलेल्या खंडांत शोधायचा. सुरुवात घरबसल्या करा, पत्रांचे क्रमांक आणि तारखा टिपून घ्या, आणि मगच मुंबईच्या वाचनकक्षात जा. नुसता विषय सांगून खंड मागवलात तर पहिला दिवस सूची चाळण्यातच जातो. ओळखपत्र आणि संस्थेचे शिफारसपत्र जवळ असू द्या. वेळा व नियम निघण्याआधी विचारून घ्या.

शोधताना आजची नावे टाकू नका. ‘सौदी अरेबिया’ हे नाव 1932 चे; 1865 च्या सूचीत मथळा ‘वहाबी’ (फैसलच्या राज्याचा धर्मपंथ) किंवा ‘नज्द’ (रियाधभोवतीचा मध्य अरबस्तानातला प्रदेश) असतो, आणि फैसल नावाऐवजी ‘वहाबी अमीर’ म्हणून येतो. नाव आलेच तर ‘फैसूल’सारख्या उच्चाराचे स्पेलिंग असते. कुवेत ‘कोवेट’ होते, कधी जुन्या कुरैन नावावरून ‘ग्रेन’. परतीच्या वाटेवरचे उकैर बंदर तर प्रत्येक कारकुनाने आपापल्या कानाप्रमाणे लिहिले आहे. एक स्पेलिंग सापडले नाही म्हणून कागद नाही, असा निष्कर्ष काढू नये.

तारखांची वही

वाचायला लागण्यापूर्वी तक्ता आखा. रकाने सात: लिहिल्याची तारीख, पोचल्याची तारीख, कोणी कोणाला, क्रमांक, प्रकार, सोबत जोडलेले कागद, आणि कोणत्या पत्राला उत्तर. सगळ्यात महत्त्वाचा रकाना दुसरा, आणि लोक नेमका तोच गाळतात. पोचल्याची तारीख पत्राच्या पाठीवरच्या टिपणात किंवा कोपऱ्यातल्या शेऱ्यात असते. पेलीने एखादा निर्णय कोणत्या माहितीवर घेतला हे पाहायचे असेल तर तक्ता पोचल्याच्या तारखेने लावा. लिहिल्याच्या तारखेने लावलात तर ज्या पत्राला त्याने अजून हातही लावलेला नाही, त्याचा परिणाम त्याच्या वागण्यात दिसू लागेल.

टपालाचा वेग या काळात दुहेरी आहे. 1862 पासून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी मुंबई-आखात टपाल नेत होत्या. 1864 मध्ये ग्वादर, मुसंदम, बुशहर, फाव अशी समुद्राखालून तार पडली. म्हणजे बुशहरहून कराचीमार्गे तार करता येई, पण कुवेत त्या तारेवर नव्हते. पेली कुवेतला मुक्काम ठोकून उत्तराची वाट पाहू लागला तेव्हा बुशहरशी त्याचा संबंध पुन्हा होडीवर आला, अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. तारेचा मजकूर मागाहून पत्रानेही पाठवत, तो दोनदा मोजू नका.

इंग्रजी पत्रांतले ‘अल्टिमो’ म्हणजे गेला महिना, ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू, ‘प्रॉक्सिमो’ म्हणजे पुढचा. 3 फेब्रुवारीच्या पत्रात ‘20 अल्टिमो’ असेल तर ती 20 जानेवारी. घाईत हे हमखास चुकते.

अरबी पत्रांवर हिजरी तारीख असते. हिजरी रकाना असलेली जंत्री हाताशी असेल तर उत्तम. नसेल तर हिशेब असा. हिजरी 1281 ची सुरुवात 6 जून 1864 ला. पहिले आठ महिने आळीपाळीने 30 आणि 29 दिवसांचे, म्हणजे 236 दिवस. तेवढे पुढे मोजले की रमजानचा पहिला दिवस 28 जानेवारी 1865 ला येतो, आणि शव्वाल 27 फेब्रुवारीला लागतो. प्रत्यक्ष चंद्रदर्शनामुळे एखाद-दोन दिवसांचा फरक पडतो, तेव्हा अशा तारखेपुढे ‘सुमारे’ लिहा. या हिशेबाने पेली कुवेतहून निघाला तो रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, आणि ईद वाटेतच झाली. अरब वाटाडे आणि उंटवाले सोबत असताना ही बारीक गोष्ट राहत नाही: मुक्काम, स्वयंपाक, चालायच्या वेळा सगळ्यांवर तिचा परिणाम होतो.

तीन आवाज वेगळे करा

क्रमांक असलेले सरकारी पत्र हे पुढेमागे कोणीही मागवून पाहील या हिशेबाने लिहिलेले असते. त्यातली कारणे (गुलामांचा व्यापार, समुद्रकाठची शांतता, फैसलचा इंग्रजांविषयीचा राग निवळवणे, भूगोलाची भर) खोटी नसतात, पण ती मांडलेली असतात. निमसरकारी व खासगी पत्रांत क्रमांक नसतो आणि भाषा सैल असते. तेव्हाचा मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर. त्याची आणि पेलीची ओळख सिंधपासूनची. एकाच आठवड्यातले सरकारी आणि खासगी पत्र शेजारी ठेवून वाचा. सरकारी पत्रात जे नाही आणि खासगीत आहे, त्याखाली रेघ मारा.

तिसरा आवाज फैसलचा, आणि तो आपल्यापर्यंत मुनशीच्या इंग्रजी तर्जुम्यातून येतो. अशा तर्जुम्यांची सुरुवात बहुधा ‘आफ्टर कॉम्प्लिमेंट्स’ अशी असते, म्हणजे मायनाच गाळलेला. मराठी दप्तर वाचणाऱ्याला यातला धोका सांगायला नको: लिहिणारा समोरच्याला कोणत्या पायरीवर बसवतो ते मायन्यातच कळते. म्हणून तर्जुम्यावरून ‘उत्तर थंड होते’ किंवा ‘अगत्याचे होते’ असे ठरवू नका. अरबी मूळ जोडलेले असेल तर अरबी येणाऱ्याकडून निदान पहिल्या चार ओळी वाचून घ्या.

साहित्य, वजने, पैसे

पत्रात ‘मण’ दिसला की थांबा. मुंबईचा मण 28 पौंडांचा, बंगालचा 82 पौंडांवर थोडा, आणि इराणातला तबरीझी मण जेमतेम 3 किलोंचा. बुशहर हे इराणचे बंदर आणि मुंबईचे खाते, त्यामुळे तिन्ही शक्य आहेत. ताळा उंटावरून घ्या: लांब मजलीला एका उंटावर साधारण दीडशे ते दोनशे किलो चढते. धान्याची बेरीज उंटांच्या संख्येत मावत नसेल तर मण चुकला. पैशांत रुपया, इराणी क्रान आणि मारिया थेरेसा थालर हे तिघे भेटतात. थालरला पत्रांत डॉलर किंवा रियाल म्हणतात. नुसत्या चांदीच्या वजनाने एक थालर सुमारे 2.2 रुपयांचा. बाजारभाव याच्या आसपास हलतो, पण एखाद्या हिशेबात 1 किंवा 4 येत असेल तर नाणे ओळखण्यात गफलत आहे.

यंत्रांची यादी विशेष लक्ष देऊन वाचावी, कारण रियाधची जागा नकाशावर पक्की करणे हा स्वारीचा एक उघड हेतू होता. अक्षांशाला सेक्स्टंट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, लागतो. वाळवंटात समुद्राचे क्षितिज नसते, म्हणून पाऱ्याची थाळी लागते: सूर्य आणि पाऱ्यातले त्याचे प्रतिबिंब यांच्यातला कोन मोजायचा, तो खऱ्या उंचीच्या दुप्पट येतो. सेक्स्टंटची पट्टी साधारण 120 ते 130 अंशांना संपते. 5 मार्चला रियाधच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे 24°38′ उत्तरेला, दुपारचा सूर्य 59 अंशांच्या थोडा वर असतो. दुप्पट केले की 119. जेमतेम मावतो. तोच 20 मार्चला 131 होईल आणि दुपारचे माप घेता येणार नाही, रात्री ताऱ्यांवर भागवावे लागेल. पत्रांत निघण्याची घाई दिसली तर उन्हाळ्याबरोबर हेही कारण तपासून पाहा.

रेखांशाला क्रोनोमीटर, म्हणजे अचूक घड्याळ. त्याची वेळ एका मिनिटाने चुकली की जागा 15 कलांनी (पाव अंशाने) सरकते, रियाधच्या अक्षांशावर सुमारे 25 किलोमीटर. उंटाच्या हिसक्यांनी घड्याळ चुकतेच, म्हणून एकापेक्षा जास्त घड्याळे नेत, आणि निघण्यापूर्वी रोज किती मागे-पुढे जाते त्याची नोंद ठेवत. अशी नोंद सापडली तर ती जपून उतरवून घ्या. पुढचे सगळे रेखांश तिच्यावर उभे आहेत. सोबत कोण होते तेही यादीशी ताडून पाहा. रेसिडेन्सीचे डॉक्टर कोलव्हिल आणि लेफ्टनंट डॉज हे दोघे बरोबर होते, तेव्हा औषधपेटी आणि यंत्रे या दोन्हींना जबाबदार माणूस सापडतो.

एवढे झाल्यावर भायखळ्याचा अहवाल उघडा आणि त्यातले तयारीविषयीचे प्रत्येक वाक्य तक्त्यातल्या पत्राशी जुळवा. जुळले तर समासात पत्राचा क्रमांक आणि पानाचा फोलिओ (दप्तरातल्या पानाचा क्रमांक) लिहा, पानाच्या पुढच्या-मागच्या बाजूसकट. ज्या वाक्याला पत्र सापडत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका, आणि मुंबईच्या खंडांत पुढच्या खेपेला तेवढेच मागवा.