एस्ब्यॉर्न स्वेन्सन ऐकायचाय? इथून सुरू करा

स्वीडनचा हा जॅझ पियानिस्ट २००८ मध्ये स्कूबा डायव्हिंग करताना गेला, वय फक्त ४४. त्याचं त्रिकूट म्हणजे ई.एस.टी. (एस्ब्यॉर्न स्वेन्सन ट्रिओ). सगळ्यात आधी १९९९ चा अल्बम 'फ्रॉम गागारिन्स पॉइंट ऑफ व्ह्यू' लावा, त्यातलं टायटल ट्रॅक अगदी सावकाश चालतं, पण प्लीज लोकलमध्ये नको, अंधेरी येईपर्यंत निम्मा पियानो खडखडाटातच जाईल, रात्री घरी हेडफोन लावून ऐका. मग त्यातलंच 'डॉज द डोडो', ड्रम्स जवळजवळ रॉकचे, जॅझ म्हणजे हॉटेलच्या लॉबीतलं म्युझिक असं वाटणाऱ्या मित्राला हेच पाठवा. बासवाल्या डॅन बर्गलुंडकडे कान ठेवा, तो डबल बासवर (व्हायोलिनच्या घराण्यातलं उभं, मोठं वाद्य) गज फिरवून त्याला डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट, लावतो आणि चक्क इलेक्ट्रिक गिटारचा भास होतो!

पुढे 'स्ट्रेंज प्लेस फॉर स्नो', मग 'लाइव्ह इन हॅम्बुर्ग'. माझ्या मते सगळ्यात भारी हाच, कारण तिघं एकमेकांना कसं उचलून धरतात ते लाइव्हमध्येच कळतं. 'ल्युकोसाइट' सुरुवातीलाच नको, ते सिडनीच्या स्टुडिओत उत्स्फूर्त वाजवलेलं आहे, डोकं गरगरेल. आणि नुसता पियानो हवा असेल तर २०२२ ला आलेलं 'होम.एस.', घरीच एकट्याने रेकॉर्ड केलेलं, मागे हार्ड डिस्कवर राहिलेलं, बायकोने बाहेर काढलं.