पाक बिघडतो कुठे? साखरेच्या या चुका टाळा

दिवाळी आली की तीच तक्रार, पाकातले रव्याचे लाडू कडक झाले नाहीतर वळलेच नाहीत, आणि दोष रव्याला. अहो, रव्याचं काही नसतं, बहुतेक वेळा पाकच चुकलेला असतो.

साखरेच्या निम्मं पाणी घ्या, साखर विरघळेपर्यंतच ढवळा आणि उकळी फुटली की चमचा बाहेर. नंतरही ढवळत बसलं आणि कडेला चिकटलेले दाणे आत पडले की त्यांच्याभोवती बाकीची साखर परत जमते आणि अख्खा पाक साखरतो. म्हणून कडा ओल्या फडक्याने पुसा आणि लिंबाचे चार थेंब पिळा, आंबटामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि मग पाक पटकन दाणे धरत नाही. बिस्किटांच्या कारखान्यात इन्व्हर्ट सिरप, म्हणजे अशीच ग्लुकोज-फ्रुक्टोज झालेली पातळ साखर, वापरतात ते याच तत्त्वावर बनतं. तरी साखरलाच तर फेकू नका, थोडं पाणी घालून परत उकळा.

तार बघताना गॅस बारीक करा. थेंब ताटलीत घ्या, जरा निवला की दोन बोटांत धरून बोटं हळूच लांब करा, मध्ये एक तार न तुटता आली की लगेच गॅस बंद, कारण भांडं तापलेलं असतं आणि पाक पुढे जातच राहतो. दोनतारी झाला की लाडू कडक, मग मिश्रणावर गरम दुधाचा हबका मारून बघा. मिश्रण सैल वाटलं तर घाईने वरून रवा घालू नका, झाकून ठेवा आणि अधूनमधून हलवा, रवा पाक पितो आणि थोड्या वेळाने आपोआप वळता येतं.

बेसनाच्या लाडवांत मात्र पाक नको आणि गरम बेसनात पिठीसाखरही नको, ती विरघळते आणि लाडू बसतात.

आणि कृपा करून मोरांब्यातली साखर कमी करू नका! तिथे ती नुसती गोडीला नसते, पाणी धरून ठेवते म्हणून बुरशीला वाढता येत नाही, जॅममध्येसुद्धा साधारण 65 टक्के साखर त्यासाठीच असते. डायबेटिस असेल तर थोडा खा किंवा थोडाच करून फ्रिजमध्ये ठेवा. पाक पातळ राहिला असेल तर मंद आचेवर परत आटवा, पण एकदा बुरशी दिसली की वरचा थर काढून खाली चांगलं आहे म्हणत खाऊ नका, सगळी बरणी टाकून द्या.